विंडोज १० की ११? सेवा केंद्र, पतसंस्था, ग्रामपंचायतींनी घाई करू नये, पण स्वस्थही बसू नये

सेतूमध्ये दाखल्यासाठी रांग लागलेली असते. अंगठ्याचं यंत्र चालू, प्रिंटर चालू. मध्येच कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठी चौकट येते: तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे. ऑपरेटर 'नंतर आठवण करा' या बटणावर क्लिक करतो आणि पुढच्या माणसाला आधार क्रमांक विचारतो. अनेक गावांत, अनेक केंद्रांत आणि पतसंस्थांच्या काउंटरवर सध्या असंच चाललं आहे.

क्लिक करणाऱ्याचं फारसं चुकत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, पण १५ तारखेला सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखाच सुरू झाला. दाखले निघाले, सातबारा निघाला, पासबुक छापलं गेलं. मग अडचण काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्यात गावातला हार्डवेअरवाला म्हणतो, 'अकरा टाकून देतो, एका तासाचं काम आहे', तर दुसरा म्हणतो, 'तुमचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल.' दोघांचंही अर्धंच खरं असतं.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. विंडोज ११ आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. एवढ्या मोठ्या प्रणालीत चुका राहतातच, आणि त्या वर्षानुवर्षं सापडत राहतात. चूक सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते. दर महिन्याला 'अपडेट होत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' म्हणून अर्धा तास अडकवून ठेवणारा प्रकार तो हाच. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० साठी ही मोफत दुरुस्ती बंद झाली. नवी चूक सापडली तर ती चोरट्याला कळेल, पण तुमच्या कॉम्प्युटरवर ती बुजवायला कोणी येणार नाही.

अनेकांचं म्हणणं असतं की अँटिव्हायरस आहे ना! विंडोज १० मधला डिफेंडर अजून चालतो आणि त्याला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, हे खरं. पण ते म्हणजे दाराशी राखणदार बसलाय आणि मागची भिंत खचलीय. राखणदार ओळखीच्या चोराला अडवेल. भिंत बांधणं त्याचं काम नाही.

हे नुसतं घाबरवणं नाही, याचं उदाहरण २०१७ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती पाठवली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये १२ मे पासून 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस शिरला. सगळ्या फायलींना कुलूप लावायचं आणि उघडण्यासाठी पैसे मागायचे, हे त्याचं काम. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना तपासण्या रद्द कराव्या लागल्या. जूनअखेरीस 'नॉटपेट्या' आला. त्याने हीच त्रुटी आणि शिवाय इतर वाटा वापरल्या. त्याचा फटका थेट रायगड जिल्ह्यात बसला: न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर एका कॉम्प्युटरवर गावातल्या शेकडो लोकांच्या आधारच्या झेरॉक्सचे फोटो, बँक पासबुकं आणि जमिनीचे कागद साठवून बसलेल्या केंद्राचं काय होईल?

इथेच घरचा कॉम्प्युटर आणि गावाच्या कामाचा कॉम्प्युटर यांत फरक करायला हवा. घरात मुलं यूट्युब बघतात, कोणी लग्नपत्रिका टाइप करतं, तिथे थोडा उशीर झाला तर मोठं आभाळ कोसळत नाही. पण जिथे दुसऱ्याचे कागद आणि दुसऱ्याचे पैसे आहेत, तिथे 'अजून तर चालतोय' हे उत्तर पुरत नाही.

पण अकरा तुमच्या कॉम्प्युटरवर बसते का?

खरी विंडोज १० असेल तर ११ वर जायला पैसे पडत नाहीत. अडचण यंत्राची आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ते बहुतेकांकडे असतं. खरी गाळणी दोन ठिकाणी लागते: प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा चिप.

प्रोसेसर बघणं सोपं आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'सिस्टीम' उघडलं की नाव दिसतं. इंटेलचा कोअर आय३, आय५ असेल तर त्यापुढचा आकडा बघायचा. आय५-७२०० असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. ती बसत नाही. आय३-८१०० असेल तर आठवी पिढी, ती बसते. आय३-१०११० मध्ये पहिले दोन आकडे धरायचे, दहावी पिढी. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेतले काही आणि त्यापुढचे बहुतेक चालतात. कोअर टू ड्युओ किंवा जुना ड्युअल कोअर असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. ढोबळमानाने २०१८ च्या आधी घेतलेला कॉम्प्युटर बसत नाही, त्यानंतरचा बसण्याची शक्यता आहे. आकडेमोड नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर सरळ हो किंवा नाही सांगतं.

त्याचं 'नाही' मात्र डोळे झाकून मानू नका. असेंबल केलेल्या अनेक कॉम्प्युटरमध्ये टीपीएमची सोय असते, फक्त बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ती 'पीटीटी' नावाने सापडते, एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने. ती सुरू केली की काल अपात्र ठरलेला कॉम्प्युटर आज पात्र ठरतो. नवा कॉम्प्युटर विकायला बसलेला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. साधा नवा संगणकही आज पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो, त्यामुळे ही पाच मिनिटांची तपासणी आधी करून घ्यावी.

आणि एक गोष्ट. कॉम्प्युटर पात्र असला, पण त्यात ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर अकरा बसेल पण रखडेल. अशा यंत्रात आधी एसएसडी टाकून घ्यावी, जमलं तर रॅम ८ जीबी करावी. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरपासून चढले आहेत, तेव्हा दोन दुकानांत विचारून घ्या. नुसती एसएसडी टाकली तरी कॉम्प्युटर सुरू होण्याच्या वेळेत पडणारा फरक रांगेतल्या माणसालाही कळतो.

कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी मोजा

शहरातल्या माणसाला अकरावर जाताना फार विचार करावा लागत नाही. ग्रामीण भागातल्या केंद्रात तसं नसतं. तिथे कॉम्प्युटर एकटा नसतो. त्याला अंगठ्याचं यंत्र जोडलेलं असतं, डिजिटल सहीचा टोकन असतो, स्कॅनर असतो, कुठे पासबुकचा प्रिंटर, कुठे खडखड करणारा जुना डॉट मॅट्रिक्स. प्रत्येकाला आपापला ड्रायव्हर लागतो. अकरा आली, सगळं छान दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगठाच लागला नाही, तर रांगेतल्या वीस माणसांना काय सांगणार?

यातला कळीचा मुद्दा असा: विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती, ११ ची नाही. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येते. कॉम्प्युटरवर आज ३२ बिटची विंडोज असेल तर दोन गोष्टी होतात. पहिली, नुसतं अपग्रेड करता येत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. दुसरी, ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत, म्हणजे प्रत्येक उपकरणासाठी ६४ बिटचा ड्रायव्हर शोधावा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरसाठी तो कंपनीने काढलाच नसेल तर त्या प्रिंटरचा प्रवास तिथेच संपला.

त्याहून नाजूक प्रकार पतसंस्था, दूध संस्था आणि विकास सोसायट्यांचा. काही ठिकाणी हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून डॉसच्या काळातलं आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, फॉक्सप्रोमध्ये कुणीतरी लिहून दिलेलं. लिहिणारा कधीच गाव सोडून गेलेला असतो. असे १६ बिटचे प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोज १० वर रडतखडत चालायचे. विंडोज ११ वर ते सुरूच होत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या आत ते चालवता येतात, पण छपाईसारख्या गोष्टी तिथे नीट होतील याची खात्री करून मगच पाऊल उचलावं. खरं तर अशा संस्थेचा प्रश्न विंडोजचा नसून सॉफ्टवेअरचा आहे, आणि तो संचालक मंडळाच्या बैठकीत यायला हवा. कॉम्प्युटरवाल्या पोराच्या गळ्यात तो मारून चालणार नाही.

म्हणून अपग्रेडच्या आधी एका कागदावर लिहून काढावं: कोणकोणती उपकरणं जोडली आहेत, त्यांचं कंपनीचं नाव आणि मॉडेल काय, कोणती सॉफ्टवेअर रोज लागतात. मग प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलपुढे विंडोज ११ लिहिलं आहे का ते बघावं. आधीपासून ६४ बिटची विंडोज १० चालू असेल तर बहुतेक ड्रायव्हर अकरावरही चालतात, तेव्हा फार घाबरायचं कारण नाही. केंद्रात दोन कॉम्प्युटर असतील तर आधी एकच बदलावा. आठवडाभर त्यावर काम करून बघावं आणि मग दुसऱ्याला हात लावावा.

'फॉरमॅट मारतो' म्हटलं की थांबा

दुकानदाराला सगळ्यात सोपं पडतं ते फॉरमॅट मारणं. सगळं पुसायचं आणि नवी विंडोज टाकायची. पण यात सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, डाउनलोडमधले दाखले, आणि पुष्कळदा टॅलीचा डेटाही तिथेच असतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड जातात, आणि केंद्रातल्या निम्म्या पोर्टलचे पासवर्ड कुणालाच पाठ नसतात. मराठीचं तर वेगळंच. ग्रामसभेची इतिवृत्तं कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि ग्रामसेवकाच्या पोटात गोळा येतो. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट परत टाकला की दिसतो. पण तो फॉन्ट आणि त्याचं सॉफ्टवेअर आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवलेलं हवं. यापुढचं टायपिंग युनिकोडमध्येच करावं. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड असतोच, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

फॉरमॅट न मारता, आहे त्यावरच अकरा चढवता येते. त्यात फायली, सॉफ्टवेअर, फॉन्ट बहुतांश जसेच्या तसे राहतात. आणि नाही पटलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत दहावर जाता येतं. हे दहा दिवस महत्त्वाचे. या काळात जागा रिकामी करण्याच्या नादात 'डिस्क क्लीनअप' चालवून जुनी विंडोज पुसून टाकू नका, परतीची वाट बंद होते. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढायचीच, मग पद्धत कोणतीही असो.

नेट आणि लाइट यांचाही हिशेब करावा लागतो. अकराची फाइल पाच जीबीच्या वर जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे व्हायचं नाही. तालुक्याला चांगलं नेट असेल तिथून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून आणावं. डाउनलोड मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच करावं, टेलिग्राममधल्या लिंकवरून नाही. काम चालू असताना लाइट गेली तर विंडोज अर्धवट अडकू शकते, म्हणून यूपीएस शिवाय सुरुवात करू नये आणि भारनियमनाच्या वेळेत तर नकोच. सेतूने जून-जुलैमध्ये, म्हणजे शाळाप्रवेशाचे दाखले आणि खरिपाचा पीकविमा यांच्या गर्दीत, हे काम काढू नये. पतसंस्थेने मार्चअखेर टाळावी.

अजून एक खबरदारी, जी फार जण घेत नाहीत. विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. घाईत दुकानदार स्वतःचं खातं टाकून मोकळा होतो. अकराच्या नव्या आवृत्तीत अनेक कॉम्प्युटरवर डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. उद्या बायोसमध्ये काही बदललं किंवा बोर्ड दुरुस्त केला आणि कॉम्प्युटरने ती किल्ली मागितली, तर संस्थेचा सगळा डेटा दुकानदाराच्या ईमेलवर अवलंबून. तो माणूस कितीही चांगला असो, खातं संस्थेचं किंवा स्वतःचंच हवं, आणि किल्ली छापून कपाटात ठेवावी.

बसत नसेल तर?

मुदतवाढ मिळते. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून दिली आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला परवानगी दिली तर ही सोय मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढ्या रकमेचं शुल्क आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. उशिरा नोंदणी केली तरी मधली अपडेट मिळतात. ज्या संस्थांचे कॉम्प्युटर एका मुख्य सर्व्हरच्या डोमेनला जोडलेले असतात त्यांना ही योजना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी, दरवर्षी दुप्पट महाग होत जाणारी योजना आहे, आणि लहान संस्थेला ती परवडणारी नाही. घरच्या आणि एकट्यादुकट्या कॉम्प्युटरसाठी मात्र ही मुदतवाढ आजच घेऊन टाकावी. तेवढ्या वेळात पुढची तजवीज करता येते.

बाजारात 'बायपास' नावाचा एक प्रकार आहे. अपात्र कॉम्प्युटरवर तपासणी चुकवून अकरा टाकून देतात. ती चालते, हे नाकारता येत नाही. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा तसंच झगडून टाकावी लागते. घरी खटपट करायची हौस असेल त्याने करावी. अंगठे आणि पैसे हाताळणाऱ्या यंत्रावर हा उद्योग करू नये. क्रॅक केलेल्या विंडोजचंही तेच: क्रॅक करणाऱ्या त्या छोट्या फायलीबरोबर आणखी काय आत आलं, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शाळांसाठी तिसरी वाट आहे. संगणक कक्षात धूळ खात पडलेले जुने कॉम्प्युटर लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीवर चालू शकतात. मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, इंटरनेट, सगळं त्यात होतं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये अनेक वर्षांपासून लिनक्सवर आधारित प्रणालीच शिकवली जाते, तेव्हा हा काही अघोरी प्रयोग नाही. सेतूला मात्र ही वाट सध्या अवघड आहे, कारण अंगठ्याची यंत्रं आणि सहीचे टोकन यांची सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज धरूनच बनवलेली असतात.

काही ठिकाणी अजून विंडोज ७ च चालू आहे. तिची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपली आणि २०२३ पासून क्रोमनेही तिला नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. एखादं सरकारी पोर्टल अचानक उघडेनासं झालं तर दोष दर वेळी सर्व्हरचा नसतो. अशा यंत्रावर पैशांचे व्यवहार आजच थांबवलेले बरे.

या गोंधळाचा फायदा घेणारेही आहेत. पडद्यावर 'तुमचं विंडोज कालबाह्य झालं आहे, या क्रमांकावर फोन करा' असं आलं तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. फोनवरच्या माणसाने एनीडेस्क टाकायला सांगितलं तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

आणि नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तर जुना भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून ठेवा. रिसायकल बिन रिकामा केला तरी त्यातले गावाचे कागद पुसले जात नाहीत, आणि साध्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येतात. चार स्क्रू काढायचं काम आहे, दुकानदार समोर उभं राहून करून देतो.